हद्दीपलीकडचा व्यापार व आमचा शेतकरी

निजामी अमदानीत बीडचा माल अहमदनगरकडे न्यावयाचा तर हद्दीवर करोडगिरी भरावी लागे. 1948 साली संस्थान विलीन झाले. पुढे ती हद्दही पुसली गेली. 2025 च्या सप्टेंबरात बीड-अहिल्यानगर रेल्वे धावू लागली. तथापि आजही दरवर्षी तिकडे जातात ते आमचे ऊसतोडीचे हात, तेही मुकादमाची उचल घेऊन. माल मात्र एकेकट्याने नेल्यास व्यापारी सांगेल तोच भाव पदरी घ्यावा लागतो. म्हणून आमचे सांगणे असे, की शेतकऱ्यांनी तूर एकत्र करून, वाळवून, प्रत लावून पलीकडील सहकारी संस्थांशी व डाळगिरण्यांशी आधीच करार करावेत. 1950 च्या सुमारास लोणीच्या शेतकऱ्यांनी एकीनेच साखर कारखाना उभारला. त्यांचा ऊस आम्ही तोडतो. त्यांची एकीही आम्ही उचलावी.