तारुण्याची सीमा आणि वैद्याची लेखणी

रुग्णपत्रिकेवर 'वय' या शब्दापुढे आकडा लिहिताना वैद्याची लेखणी सहसा अडखळत नाही. भामरागड, एटापल्लीकडील प्रौढ माडिया रुग्णांच्या बाबतीत मात्र हा आकडा पुष्कळदा अंदाजाचाच असतो. गोटुलच्या परंपरेतही तारुण्य वर्षांनी मोजले जात नसे. विवाह झाला की ते पर्व संपे.

संहितांमध्ये तरी एकवाक्यता कोठे आहे? चरकाचार्य तिसाव्या वर्षापर्यंत बाल्यच मानतात. १६ ते ३० ही त्यांच्या मते विवर्धमान धातूंची अवस्था. सुश्रुताचार्य सोळानंतर मध्यवय सांगून त्यात २० पर्यंत वृद्धी, ३० पर्यंत यौवन व ४० पर्यंत संपूर्णता मानतात. शासनाची व्याख्या तर अधिकच चंचल! २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक १३ ते ३५ वर्षांचा होता. २०१४ च्या धोरणात तो १५ ते २९ वर्षांचा झाला.

धोरणातील फरकाने रुग्णाचे बिघडत नाही; आपल्या अंदाजाने बिघडते. अतिश्रम, अल्पाहार, सिकलसेल वा वारंवारचा हिवताप यांनी कृश झालेली चाळिशीतील स्त्री पत्रिकेवर साठीची होते आणि तिचा धातुक्षय 'वयोमानानुसार' या शेऱ्याखाली झाकला जातो. सुश्रुतांनी पूर्ववयात वा मध्यवयात योजावयास सांगितलेले रसायनही मग तिच्या वाट्यास येत नाही. चरकोक्त दशविध परीक्षेत सार, संहनन, आहारशक्ती, व्यायामशक्ती आधी येतात, वय शेवटी. तेही विचारण्याची रीत आहे: "बाई, १९८२ साली चांदा जिल्ह्यातून गडचिरोली वेगळी झाली, तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"