गहाण पडलेली जमीन, गहाण पडलेली मुलगी

द्रव्यलोभाने ठरविलेल्या विवाहाचे दाहक चित्र मराठी रंगभूमीने १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकात पाहिले. कांचनभटाने आपल्या कोवळ्या मुलीचा सौदा वृद्ध, धनिक भुजंगनाथाशी ठरवावा, हा त्या काळच्या समाजाचा उघड व्यवहार होता. पुढे मूकपटाचे युग आले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढून पैशाच्या पाशाची दुसरी बाजू पडद्यावर मांडली. कथा नारायण हरी आपटे यांची, आणि सावकाराच्या लोभापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम.

दख्खनचा शेतकरी गहाणखत, मुद्दल आणि चढते व्याज यांत कसा पिळला जाई, हे १८७५ साली सुप्याला सावकारांविरुद्ध उसळलेल्या दंग्याने सरकारदरबारी पोहोचविले आणि १८७९ साली कुळांच्या संरक्षणासाठी कायदाही झाला. तरीही अर्धशतकानंतर तीच कहाणी प्रेक्षकांना आपली वाटावी, यातच त्या कायद्याची मर्यादा स्पष्ट होते. अंधूक प्रकाशातली उदास झोपडी आणि कुत्र्याचे विव्हळणे, हे पेंटरांनी याच कथेवर पुढे काढलेल्या बोलपटातील दृश्य चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडियांच्या स्मरणात अनेक वर्षे राहिले. 

याच आपट्यांनी १९२३ साली ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी लिहिली होती, आणि तिच्यावरून प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली ‘कुंकू’ काढला. मामाने पैशासाठी वृद्ध विधुर काकासाहेबांच्या गळ्यात बांधलेली नीरा, शांता आपटे यांच्या अभिनयातून, तो विवाह मनाने कधीच मान्य करीत नाही. एकाच लेखणीतून उतरलेल्या या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतले साम्य आणि भेद दोन्ही उघड होतात: गहाणखतावर निदान शेतकऱ्याचा अंगठा उमटतो, लग्नाच्या सौद्यात मात्र जिची विक्री होते, तिला कोणी विचारीतही नाही.

ठाकुर्लीच्या वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. कल्याण जंक्शनला पुण्याचा आणि नाशिकचा लोहमार्ग मिळतो, आणि त्याच मार्गांनी गाव सोडलेली माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे, तशीच रेल्वेच्या चाकरीसाठी इकडे आली. १९२९ साली येथे चोळ्याचे विद्युतगृह उभे राहिले, आणि रेल्वे कामगारांच्या बावन चाळीचे नाव आजही सर्वांच्या तोंडी आहे. ‘सावकारी पाश’चा नायक ज्या वाटेने शहरात येतो, ती ही वाट.

भारतातील तेराशेहून अधिक मूकपटांपैकी फार थोडे उरले असून ‘सावकारी पाश’ची मूळ प्रत आज उपलब्ध नाही; बोलपटाच्या युगात पेंटरांनी तो पुन्हा काढला, पण त्याने मूळ कृतीची भरपाई होत नाही. म्हणून कोणाच्या घरी, वाडवडिलांच्या जुन्या पेटीत, त्या काळातील चित्रपटाची जाहिरात, पुस्तिका वा छायाचित्र सापडले, तर ते रद्दीत घालू नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे द्यावे, ही कळकळीची विनंती.