धाब्याचं घर: छतावर माती, तरी गळत कसं नाही?

इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणून तिकडे उतरतं कौलारू छप्पर. पण नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेला, येवला-सिन्नरकडे पडतो तो जेमतेम ५००-६००. तिथल्या शेतकऱ्याचं जुनं घर सपाट छताचं, म्हणजे धाब्याचं.

यात छताचा भार बहुतेक सागवानी खांब आणि तुळयांवर असतो. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठं, ते चौरस फुटांत नाही, खणांत सांगायचे! आत माजघर, धान्याला बळद, पुढे ओसरी. जाड मातीच्या भिंतींमुळे मे महिन्यातही गारवा.

आता छत. तुळयांवर लाकडी पट्ट्या, त्यावर पाला नाहीतर काड्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. काळी माती चालत नाही, उन्हात भेगाळते. पांढरी माती भिजली की दाटून बसते, आणि जास्तीचं पाणी थोड्या उतारावरून पन्हळीतून बाहेर जातं.

गोची इथेच आहे. दर उन्हाळ्यात नवी माती टाकली, पण जुनी काढलीच नाही, तर वजन वाढत जातं. झडीच्या पावसात तीच माती आणखी जड होते, आणि छत बसतं. वरून सिमेंट लिंपणं तर त्याहून वाईट. भेगांतून शिरलेली ओल बाहेर पडत नाही, लाकूड आतून कुजतं.

गावी आजीचं असं घर असेल तर पावसाळ्याआधी तुळया बघून घ्या. वाकलेली दिसली, तर त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका. आधी टेकू, मग माती उतरवणं. आणि हे काम जाणत्या सुताराकडूनच.