चपट्या केबलीतील तारा कशा ओळखाव्यात?

पैठणचा विणकर मागावर ताणा चढवितो, तेव्हा प्रत्येक उभा धागा फणीतून आपापल्या क्रमानेच ओवावा लागतो. एक धागा चुकला, तरी तो दोष पुढे वस्त्रभर उमटत राहतो. संगणकातील फितीसारख्या चपट्या केबलीचे, म्हणजेच रिबन केबलीचेही असेच आहे. तीत अनेक तारा शेजारी-शेजारी चिकटविलेल्या असतात. सर्वसामान्य प्रकारात दोन तारांच्या मध्यांतील अंतर अवघे १.२७ मिलिमीटर असते. केबल उलटी जोडली गेल्यास यंत्र चालत नाही, आणि शाळेतील एकुलता एक संगणक विनाकारण निकामी ठरविला जातो.

करड्या केबलीच्या एका कडेस बहुधा तांबडी रेघ असते. ती तार पहिली होय. जोडणीच्या खोबणीवर लहानसा त्रिकोण कोरलेला असल्यास तोही पहिल्या टाचेची खूण समजावा. तेथून पुढे क्रमाने मोजावे. दोन रांगांच्या जोडणीत विषम क्रमांकाच्या तारा एका रांगेत व सम क्रमांकाच्या दुसऱ्या रांगेत जातात.

रंगीत केबलीत तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, राखाडी, पांढरा व काळा असे दहा रंग क्रमाने येतात. अकरावी तार पुन्हा तपकिरी असते. म्हणजे २३ वी तार नारिंगी, हे मुलांना भागाकारानेच काढता येईल.

तथापि केवळ मोजणीवर विसंबू नये. जुन्या फ्लॉपी ड्राइव्हच्या ३४ तारांच्या केबलीत १० ते १६ क्रमांकाच्या तारा मध्येच पिळून उलट केलेल्या असत. त्यामुळे १० वी तार पलीकडे १६ व्या जागी निघे. म्हणून पडताळा आवश्यक आहे.

त्यासाठी यंत्रातून काढलेल्या टाकाऊ केबलीचा तुकडा घ्यावा. दोन्ही टोकांच्या तारा सुट्या करून सोलाव्यात व एकमेकींना लागणार नाहीत अशा पसराव्यात. विजेरीचा एक सेल व बल्ब यांच्या मंडलात एका टोकाची एक तार जोडावी आणि दुसऱ्या टोकाच्या तारांना क्रमाने स्पर्श करावा. बल्ब लागेल ती तार तीच होय. एकाहून अधिक तारांवर बल्ब लागल्यास कोठेतरी तारा एकमेकींस भिडल्या आहेत, असे समजावे. हा प्रयोग सेलवरच करावा. घरातील विजेशी त्याचा संबंध कदापि येऊ देऊ नये.

वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत उद्या जाणाऱ्या मुलास खूण पाहणे, मोजणे व पडताळणे या तीन सवयी आजच लागल्या, तर हा तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.