फी कमी म्हणून कॉलेज स्वस्त नसते



बारावीचा निकाल लागला की आमच्या दारी पालक येऊ लागतात. हातात गुणपत्रिका आणि तोंडी एकच प्रश्न: "भाऊ, कुठलं कॉलेज स्वस्त पडेल?"

काही वर्षांपूर्वी धडगाव भागातील एका वडिलांनी ऊसतोडीची उचल घेऊन मुलीला शहरातल्या एका नर्सिंग संस्थेत घातले. फी कमी होती आणि प्रवेश त्याच दिवशी मिळाला. दोन वर्षांनी प्रमाणपत्र हाती आले, पण नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवता येईना. संस्थेला मान्यताच नव्हती. नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. ती मुलगी त्या हंगामात आईवडिलांसोबत उसाच्या फडात गेली. उचल मात्र फेडायची राहिलीच होती.

आपल्यापैकी अनेक जण आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा भार उचलता. म्हणून कॉलेज पारखताना काय पाहावे, ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट मान्यतेची

नर्सिंगसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, औषधनिर्माणशास्त्रासाठी फार्मसी कौन्सिलची, अभियांत्रिकीसाठी एआयसीटीईची मान्यता लागते. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांसाठी कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे का ते पाहावे. नंदुरबार जिल्ह्यासाठी ते जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जाहिरातीवर किंवा एजंटच्या शब्दावर विसंबू नये; परिषदेच्या किंवा विद्यापीठाच्या यादीत संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे, दोन्हींचे नाव शोधावे. चांगली नॅक श्रेणी असली म्हणजे तिथला प्रत्येक अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असतोच असे नाही.

दुसरी गोष्ट पूर्ण हिशेबाची

बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला लूकच्या शुभवर्तमानात आहे. इथेही तसेच बसावे लागते. समजा, एका कॉलेजची वार्षिक फी 10,000 रुपये आहे, पण वसतिगृह नाही. खोली आणि खाणावळ महिन्याला 5,000 धरली तर दहा महिन्यांचे 50,000 होतात, एकूण 60,000. दुसऱ्या कॉलेजची फी 25,000 आहे, पण त्या गावात शासकीय आदिवासी वसतिगृह आहे आणि मुलाला तिथे प्रवेश मिळाला आहे. तिथे राहणे-जेवण मोफत. मग स्वस्त कोणते? पुस्तके, परीक्षा शुल्क, गणवेश आणि गावी येण्याजाण्याचे भाडेही याच हिशेबात धरावे.

तिसरी गोष्ट सरकारी मदतीची

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. अर्ज महाडीबीटीवर करायचा. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. तिची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. चौकशी प्रकल्प कार्यालयात करावी. आमच्या भागात ती तळोदा आणि नंदुरबार येथे आहेत.

व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज अकरावी-बारावीतच करावा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास शिष्यवृत्ती हातची जाऊ शकते, हे सही करण्याआधी विचारून घ्यावे. शिष्यवृत्ती उशिरा येते. तोपर्यंत कॉलेज फीसाठी थांबेल का, हेही विचारावे.

चौथी गोष्ट मूल टिकेल का, याची

घरी पावरी किंवा भिली बोलणारे, आश्रमशाळेत मराठीतून शिकलेले मूल एकदम इंग्रजी माध्यमात गेले तर पहिल्या सहामाहीतच खचू शकते. आपल्या भागातील कोणी तिथे शिकले आहे का, ते पास झाले का, आज काय करतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये पूर्ण केलेला अभ्यासक्रम दूरच्या अर्धवट पदवीपेक्षा कितीतरी मोलाचा. मुलाला कशाची आवड आहे, हे तर सर्वांत आधी विचारावे.

एक सावधगिरी: मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासणीपुरते दाखवावेत, कॉलेजात ठेवून देऊ नयेत. ती अडकवून ठेवण्यास यूजीसीने मनाई केली आहे.

आपणांस विनंती एवढीच, की मदत देण्याआधी मान्यतेचा पुरावा आणि पूर्ण वर्षाचा हिशेब मागा. त्यात अविश्वास नाही, त्या मुलाची काळजी आहे. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले की वसतिगृहातले मूल एकटे पडते आणि शिक्षण सुटते ते बहुधा त्याच महिन्यांत. तेव्हा महिन्यातून एकदा त्याला फोन करा. जेवलास का, एवढे विचारले तरी पुरे.