जामीनदार क्रमांक दोन

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लिलावाची जाहीर नोटीस असते. कर्जदाराच्या नावाखाली जामीनदारांची नावं, त्याच टायपात. ज्यांनी त्या पैशाला हातही लावलेला नाही, त्यांची ही छापील शोभा कशासाठी, हे बघायला मी तालुक्याच्या गावातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या वसुली विभागात जाऊन बसलो.

मार्चएंड तोंडावर आलेला. जिन्यालगतची खोली, जुन्या फायलींचा कुबट वास, आणि वसुली अधिकाऱ्यांच्या तोंडी एकच आकडा : ९०. हप्ता थकून ९० दिवस उलटले की रिझर्व्ह बँकेच्या नियमानं खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. मग हाती न आलेलं व्याज उत्पन्नात धरता येत नाही, वर नफ्यातून तरतूद काढावी लागते. म्हणून पहिले ३० दिवस गोड बोलणं, साठीपर्यंत घरी चक्कर, आणि पुढं ‘९० च्या आत बसवा हो’.

साहेब यादी घेऊन फोन लावतात. ‘अण्णा, उसाचं बिल जमा झालं ना? मग?’ कुणाची म्हैस विकली गेली, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, सगळं यांना पाठ. कर्ज देताना घेतलेल्या कागदांत यातलं काही नसावं.

कायद्याचा रस्ताही आहे. नोटीस, मग सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाचा वसुली दाखला, मग जप्ती, लिलाव. तारण मिळकत असेल तर सरफेसी, म्हणजे कोर्टात न जाता ती विकायची मुभा देणारा कायदा. तो कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्याच खटल्यात पक्कं केलं. ‘पण तिथवर जायचं कशाला?’ साहेब म्हणाले. ‘जामीनदाराला एक फोन पुरतो.’

तो फोन मी ऐकला. आवाज चढला नाही, वावगा शब्द नाही. ‘गुरुजी, शाळेत येऊन भेटू का?’ एवढंच. ही धमकी नव्हे म्हणे.

मधल्या सुट्टीत गुरुजी स्वतःच आले. शेजारच्या पोराच्या टेम्पोसाठी सही केलेली. ‘पैसे त्यानं उचलले, आधी त्याला धरा की!’ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ जामीनदाराला कर्जदाराइतकंच बांधतं. करारात वेगळं लिहिलं नसेल तर बँकेनं आधी कर्जदाराच्या मागं धावावं असं बंधन नाही. खातं थकलं की डाग जामीनदाराच्या पतअहवालावरही पडतो. माझा कयास असा, की कर्ज देताना टेम्पोला भाडं किती मिळेल हे कुणी फारसं पाहिलं नसणार. गुरुजींची पगारस्लिप मात्र नीट पाहिली असणार. पत गुरुजींची, कर्ज दुसऱ्याला. आणि चुकीच्या अंदाजाची भरपाई, पुन्हा गुरुजींकडून.

‘८३ वा दिवस आहे गुरुजी,’ साहेब हळूच म्हणाले. ‘९० झाले तर माझ्याही हातात काही राहणार नाही.’

गुरुजींनी थकलेले हप्ते भरले. पावती आली ती कर्जदाराच्या नावानं. ती उलटसुलट बघून त्यांनी विचारलं, ‘यात मी कुठं आहे?’

‘ही रक्कम तुम्ही त्याच्याकडून मागू शकता. कायद्यानं हक्कच आहे तुमचा.’

‘मग तुमच्यातला एक माणूस द्या की माझ्याबरोबर,’ गुरुजी म्हणाले.