तालुक्यात पहिला आला, म्हणून पुढं जाईलच का? शाळेतलं पोरगं खेळात पारखताना काय बघायचं

सातारा/सांगली : शाळांच्या तालुका स्पर्धा सुरू झाल्या की मैदानाच्या कडेला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सर, याला खेळात घालू का अभ्यासाला लावू?" विचारणारा बाप शेतातलं काम सोडून आलेला असतो. पोरगं नुकतंच शंभर मीटरमध्ये पहिलं आलेलं असतं. सरांनाही नेमकं उत्तर देता येत नाही.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर पुढची पाच-सात वर्षं अवलंबून असतात. उगाच आशा लावली तर पैसा आणि दहावी-बारावी दोन्ही हातचं जातं. नको म्हटलं तर एखादा चांगला खेळाडू गावातच राहतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. म्हणून पारख कशी करतात हे गावातल्या पालकांना माहीत असायला हवं.

अंगानं लहान, म्हणून नाव घेतलं नाही

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. कॉलेजच्या क्रीडा स्पर्धेत त्यांचं नाव घ्यायला तिथले क्रीडा शिक्षक तयार नव्हते, असं सांगितलं जातं. कारण एकच, गडी बुटका आणि अंगानं किरकोळ. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्यापेक्षा थोराड पैलवान पाडले. पुढं १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

चूक कुठं झाली होती? बघणाऱ्यानं उंची आणि अंगकाठी बघितली. चपळाई, डावपेच आणि दम बघितलाच नाही. आज सत्तर वर्षांनंतरही गावोगावी हीच चूक होते, फक्त उलट्या बाजूनं. दांडगं पोरगं दिसलं की "हा पुढं जाणार" असं ठरवून टाकतात.

लवकर वाढलेलं पोरगं फसवतं

शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात आणि वय १ जानेवारी धरून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच गटात पळतं. बारा-तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक लई मोठा असतो. त्यात एखाद्याला मिसरूड लवकर फुटतं, एखाद्याला दोन वर्षं उशिरा.

कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा १९८० च्या दशकात तपासल्या गेल्या. वरच्या स्तरावर निवडलेल्यांमध्ये वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले खूप जास्त निघाले. ती मुलं जन्मानं हुशार नव्हती, निवडीच्या दिवशी ती फक्त मोठी होती. मोठी म्हणून निवडली गेली, निवडली म्हणून चांगला प्रशिक्षक मिळाला आणि मग खरोखरच पुढं गेली. डिसेंबरवाली मागं राहिली.

म्हणून सातवी-आठवीत जिंकणाऱ्याकडे बघताना एक विचार करायचा. हा आज जिंकतोय तो कौशल्यावर, का नुसत्या ताकदीवर? बाकीची पोरं वाढून बरोबरीला आली की नुसत्या ताकदीवाला मागं पडतो. आणि हरणारं पोरगं वर्षात किती सुधारलं, तेही बघायचं.

अमेरिकेतला माणूस काय लिहून घेतो?

अमेरिकेत ही पारख करणं हा लोकांचा पोटापाण्याचा धंदा आहे. तिथं हायस्कूलच्या बेसबॉल सामन्यांना कॉलेजची आणि व्यावसायिक क्लबची माणसं वही, घड्याळ आणि वेग मोजायचं यंत्र घेऊन बसतात. लांबच्या बाजूला उभा राहणारा क्षेत्ररक्षक, त्याला आउटफिल्डर म्हणतात, पाच गोष्टींवर तपासला जातो. फटका किती वेळा नीट बसतो, फटक्यात जोर किती, पळण्याचा वेग, चेंडू पकडणं आणि फेकीचा हात. पळण्यासाठी ६० यार्ड, म्हणजे जवळपास ५५ मीटर, घड्याळ लावून पळवतात. फेकीसाठी मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यातून चेंडू टाकायला लावतात.

आपल्याकडं क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभं राहणाऱ्या पोराला हे लगेच कळेल. उंच उडालेल्या चेंडूखाली सगळेच पळतात. पण बॅटचा आवाज आला की पहिली दोन पावलं कुणाची बरोबर दिशेनं पडतात, हे जाणकार बघतो. ताकद वाढवता येते, वेग थोडाफार वाढवता येतो. अंदाज ज्याला आधीपासून आहे, त्याच्यावर मेहनत घेतलेली वाया जात नाही.

सामन्यात किती धावा काढल्या याला ही माणसं कमी महत्त्व देतात, कारण समोरचा गोलंदाज कच्चा असू शकतो. घड्याळ खोटं बोलत नाही. आणि पोरगं कितीही भारी असलं तरी कॉलेजात खेळायला ठरलेल्या विषयांत किमान मार्क लागतातच. अभ्यास सोडलेल्याला तिथंही दार बंद असतं.

सरडेचा प्रवीण: खेळ बदलला आणि नशीब बदललं

आपल्या भागातलं उदाहरण बघू. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव शेतमजुराच्या घरचा. जिल्हा परिषद शाळेतल्या भुजबळ सरांनी त्याला पळायला लावलं. ४०० आणि ८०० मीटर पळून त्यानं राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत जागा मिळवली. तिथं एका चाचणीत १० मीटरवरून चेंडू कड्यात टाकायचे होते. त्यानं दहापैकी दहा टाकले. नेम बघून त्याला तिरंदाजीकडे वळवलं गेलं.

२०१९ मध्ये तो जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या भारतीय संघात होता. टोकियो ऑलिम्पिकमध्येही तो खेळला. वाटेत सैन्यदलात नोकरीही मिळाली. आता विचार करा, त्या दिवशी फक्त घड्याळ लावून पळवलं असतं आणि चेंडू हातात दिलेच नसते तर?

माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरचंही असंच. सुरुवात खो-खोनं, मग लांब पल्ल्याचं पळणं, मुंबई मॅरेथॉन. अडथळ्यांची ३००० मीटर शर्यत, म्हणजे स्टीपलचेस, तिच्या वाट्याला खूप उशिरा आली. २०१४ मध्ये तिनं आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषा यांच्यानंतर, ३२ वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये पळण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला.

सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये रौप्य घेतलं, ते ५५ किलो गटात. कबड्डीत किंवा व्हॉलीबॉलमध्ये "अंगानं कमी" ठरणारं पोरगं वजनगटाच्या खेळात बरोबरीनं उभं राहतं. म्हणून "याला खेळ जमतो का" असं विचारून भागत नाही. "याला कुठला खेळ जमेल" हे शोधावं लागतं.

घरच्या घरी, शाळेच्या मैदानावर काय मोजता येतं?

क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत वर्षानुवर्षं वापरात असलेल्या चाचण्या अवघड नाहीत. टेप, मोबाइलमधलं घड्याळ आणि चुना असला की बहुतेक गावातच घेता येतात.

• उंची आणि वजन. आईवडिलांची उंचीही लिहून ठेवा, पोरगं किती वाढेल याचा अंदाज येतो.
• ३० मीटर वेग. आधी थोडं अंतर पळून वेग घ्यायचा आणि मग ३० मीटरची वेळ लावायची.
• १० मीटरच्या सहा फेऱ्या. वळण्याची चपळाई कळते. खो-खो, कबड्डी, बॅडमिंटनला हीच लागते.
• जागेवरून लांब उडी आणि जागेवरून उंच उडी. पायातला जोर कळतो.
• मेडिसिन बॉल फेक. खांदा आणि कमरेचा जोर कळतो. गोळाफेक, भालाफेकीसाठी महत्त्वाची.
• पुढं वाकून हात पोचवणं. अंगाची लवचिकता कळते.
• ८०० मीटर पळणं. दम कळतो.

यात एक पथ्य पाळायचं. एकदा मोजून निकाल लावायचा नाही. दर तीन महिन्यांनी त्याच मैदानावर, त्याच वेळी मोजायचं आणि वहीत तारीख टाकून लिहायचं. वर्षभराचे चार आकडे समोर आले की कोण थांबलंय आणि कोण चढतंय ते दिसतं. चढणाऱ्याकडे जास्त लक्ष द्या, आज तो पाचवा असला तरी.

आकड्यात न येणाऱ्या गोष्टी सरांनी बघायच्या. हरल्यावर दुसऱ्या दिवशी मैदानावर येतो का? सांगितलेली चूक आठवड्यात सुधारतो का? कुणी बघत नसताना सराव करतो का? भुजबळ सरांसारख्या माणसांना हे दिसतं, कारण ती रोज पोरांबरोबर असतात.

कॉलेज आणि नोकरीत उपयोग काय?

प्रत्येक जण ऑलिम्पिकला जात नाही. पण खेळ वाया जात नाही, फक्त वाट माहीत हवी.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी जातात. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागात येतात. नाव शाळेमार्फतच द्यावं लागतं, त्यामुळं शाळेनं नोंदणी केली का हे पालकांनी वेळेत विचारावं. कामगिरीच्या स्तराप्रमाणे दहावी-बारावीला २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात. ते आपोआप मिळत नाहीत, शाळेमार्फत मुदतीत प्रस्ताव जावा लागतो.

'खेलो इंडिया'त निवड झाली तर वर्षाला ६.२८ लाख रुपयांपर्यंतचा खर्च सरकार करतं. त्यात महिन्याला १० हजार रुपये खेळाडूच्या हातखर्चाला असतात. कॉलेजात गेल्यावर विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, मात्र कुठल्या पदाला कुठल्या स्तराची कामगिरी लागते हे ठरलेलं आहे. ललिता बाबर यांना उपजिल्हाधिकारी पद मिळालं ते खेळातल्या कामगिरीवरच.

इथंच एक सावधगिरी. "राष्ट्रीय स्पर्धा" असं नाव देऊन हजारो रुपये फी घेणाऱ्या, बाहेरच्या राज्यात नेऊन पदक हातात देणाऱ्या स्पर्धा निघतात. त्यांच्या कागदाला नोकरीत किंमत नसते. नोकरीसाठी प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळून घ्यावंच लागतं, आणि बोगस प्रमाणपत्रावर नोकरी घेतलेल्यांवर राज्यात गुन्हे दाखल झाले आहेत. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत. वय कमी दाखवायच्या भानगडीतही पडू नका. हाडांच्या तपासणीत ते उघडं पडतं आणि पोराची सगळी मेहनत पाण्यात जाते.

मग त्या बापाला काय सांगायचं?

"खेळ का अभ्यास" असा निवाडा आठवीत करायची गरजच नाही. दोन्ही चालू ठेवा, एक वही करा, वर्षभर मोजा. दोन-तीन वेगवेगळे खेळ खेळू द्या. दहावीपर्यंत आकडा चढत राहिला, अंगात सुधारणा करायची जिद्द दिसली, तर क्रीडा प्रबोधिनीची किंवा चांगल्या प्रशिक्षकाची वाट धरा. आकडा थांबला तरी काही बिघडलं नाही, पोरगं शाळेत आहे आणि अंगानं तयार आहे.

आणि शर्यतीत मागं राहिलेलं पोरगं घरी धाडण्याआधी त्याच्या हातात एकदा चेंडू द्या. सरडेच्या एकाच्या बाबतीत तेवढंच पुरलं होतं.